फ्लॅटमध्ये नवीन पिल्लू आणलं आहे, शी-सूचं काय करू? (चौथा मजला, एप्रिलचं ऊन, सासूबाई)

बेसारोडवाली | १४ एप्रिल, रात्री २.१०

सगळे झोपले असतील माहीत आहे, पण मी जागी आहे आणि मांडीवर पिल्लू आहे म्हणून लिहून राहिली. आमच्या ले-आउटमध्ये एका रिकाम्या प्लॉटवर बांधकामाच्या रेतीच्या ढिगात तीन पिल्लं होती, आई त्यांची चार दिवसांपासून दिसत नव्हती. दोन चौकीदाराच्या ओळखीत गेली आणि एक उरली ती आमच्याकडे आली. देशी आहे, मादी, रंग एकदम तर्रीसारखा म्हणून नाव तर्री. डॉक्टर दात बघून म्हणाले सात-आठ आठवड्यांची असेल. जंताचं औषध झालं, पहिली लस परवा आहे.

आता खरी गोष्ट. आमची स्कीम पाच मजल्यांची, आम्ही चौथ्यावर, लिफ्ट एकच. घरात मी, नवरा, सासूबाई आणि नववीतला मुलगा, जो "मी सगळं करीन" म्हणाला होता आणि साडेदहाला झोपून गेला. दोन दिवसांत तिने पायपुसण्यावर चारदा, सोफ्यामागे दोनदा, आणि बेडरूमच्या सतरंजीवर किती ते मोजणं सोडलं. गॅलरीत पेपर घातला तर त्याच्या चिंध्या करून खेळते आणि आत येऊन सू करते!! रात्री खोक्यात ठेवली की रडते, बाहेर काढली की करते. डॉक्टर म्हणाले लसी पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर सोडू नका. मग तिने जायचं तरी कुठे?

सासूबाई म्हणतात फिनाईल ओत आणि तिचं नाक घास त्याच्यात, आमच्या गावी असंच शिकवत. माझा जीव होत नाही. पण खरंच असंच करतात का?

धरमपेठी_काका | १४ एप्रिल, सकाळी ६.०५

नाही. नाक घासू नका, चापट नाही, पेपरची गुंडाळी नाही. त्यातून पिल्लाला एवढंच कळतं की माणसासमोर केलं की माणूस पिसाळतो, मग ते माणसासमोर करणं सोडतं आणि दिवाणाखाली जाऊन करतं. पुढे तुम्ही त्याला खाली न्याल, अर्धा तास फिरवाल, ते काही करणार नाही आणि वर आल्याबरोबर दारामागे मोकळं होईल. हे पुस्तकातलं नाही, १९९८ साली आमच्या पहिल्या कुत्र्यावर मी स्वतः हा पराक्रम केला आहे आणि सहा महिने भोगला आहे.

दोन महिन्यांच्या पिल्लाला धरवत नाही, ते मुद्दाम करत नाही. ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय त्यात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त थांबू शकतं. म्हणजे तुमचं तीन तास, आणि तेही झोपेत. जागं असताना, खेळताना, पाऊण तासालाही लागते. झोपून उठलं की लगेच, खाल्लं की पाच ते वीस मिनिटांत, जोरात खेळलं की मधेच. या तीन वेळा तुम्ही सांभाळल्या तर निम्मं काम झालं. बाकी निम्मं म्हणजे चुकलं तर गप्प बसून पुसणं.

आजच्या आज सगळी पायपुसणी आणि सतरंज्या उचला. मऊ वस्तूवर सू शोषली जाते, पाय ओले होत नाहीत, पिल्लांना ते आवडतं. आणि अख्खं घर मोकळं देऊ नका. एक खोली किंवा एक कोपरा.

अकोल्याचा_पोट्टा | १४ एप्रिल, सकाळी ९.३०

ताई मले एक सांगा, पातळ हाय का घट्ट हाय? आन तुमी तिले दूध-पोळी देऊन राह्यल्या का? सगळे तेच देतात बाप्पा. गाईचं म्हशीचं दूध पिल्लाले पचत नाही, पोट बिघडते, मंग दिवसातून आठ डाव शी. लोकं म्हनतात पिल्लू शिकत नाही. अरे त्याचं पोटच चालू हाय तं ते काय शिकन.

बेसारोडवाली | १४ एप्रिल, सकाळी ११.२०

पातळच आहे 🙈 आणि हो, दूध-पोळी. बिस्किटं पण (मुलाचं काम). आजपासून बंद. डॉक्टरांनी पिल्लांचं कोरडं खाद्य सांगितलं होतं, ते भिजवून चार वेळा देते आता.

कोथरूडकर_बदलीवर | १४ एप्रिल, दुपारी १.१५

लोखंडी जाळीचं घडीचं कुंपण मिळतं, आठ पट्ट्यांचं, ते गॅलरीच्या दाराशी लावा. आत एका टोकाला तिचा खोका, दुसऱ्या टोकाला शी-सूची जागा. पिल्लू झोपायची जागा शक्यतो घाण करत नाही, म्हणून खोका लहान हवा, उभं राहून वळता येईल एवढाच. मोठा खोका घेतलात तर अर्ध्यात झोपेल आणि अर्ध्याचं संडास करेल, आमच्याकडे हेच झालं. आणि सू शोषणारे पॅड ऑनलाईन मिळतात, पुण्यात सगळे तेच वापरतात.

अकोल्याचा_पोट्टा | १४ एप्रिल, दुपारी १.४०

पुण्यात सगळे तेच वापरतात म्हनजे झालंच मंग 😄

धरमपेठी_काका | १४ एप्रिल, रात्री ८.५०

कुंपणाचा सल्ला बरोबर आहे, इतवारीच्या बाजारात स्वस्त पडेल. पॅडचं बघा, काही पिल्लं त्याचीही पेपरसारखीच चिंधी करतात.

पण मी दिवसभर तुमची पहिली पोस्ट परत परत वाचून राहिलो. ती रेतीच्या ढिगात होती म्हणता. पिल्लं चालायला लागली की आपल्या झोपायच्या जागेपासून थोडं दूर जाऊन करतात आणि तेव्हा पायाखाली जे असतं तेच त्यांना पुढेही "हीच ती जागा" वाटतं. तुमच्या तर्रीला पेपर म्हणजे काय ते माहीतच नाही. तिच्या हिशोबाने ते खेळणं आहे. नर्सरीत मोठ्या कुंड्यांखाली ठेवायला प्लास्टिकचे उथळ ट्रे मिळतात, दोन-तीन इंच काठाचे. त्यात चाळलेली रेती घाला आणि गॅलरीत ठेवा. पुढच्या वेळी तिने आत सू केली की ती पेपरच्या तुकड्याने टिपून तो तुकडा रेतीवर दाबा. वास राहिला पाहिजे. करून तर बघा, रेतीला काय पैसे पडतात.

बेसारोडवाली | १६ एप्रिल, सकाळी ७.१५

काका!!! केली!!! आज सकाळी ५.४० ला, उचलून ट्रेमध्ये ठेवली, दोनदा गोल फिरली, उकरली आणि केली. मी इतक्या जोरात "शाब्बास" म्हटलं की अर्ध्यातच थांबली आणि पळून आली, बाकीची हॉलमध्ये. पण केली!

गच्चीवरची_तुळस | १६ एप्रिल, सकाळी ७.४०

पूर्ण होऊ द्यायचं असतं ग, मग हळू आवाजात शाब्बास, आणि खाऊचा छोटा तुकडा तिथल्या तिथे. आत आल्यावर दिलास तर तिला वाटेल आत येण्याचं बक्षीस आहे. तीन सेकंदांचा खेळ असतो तो.

बेसारोडवाली | १९ एप्रिल, रात्री ११.००

दोन प्रश्न. एक, रात्रीचं रडणं. दोन, फिनाईल. सासूबाई दिवसातून तीनदा फिनाईलचा पोछा मारतात आणि ती नेमकी तिथेच परत करते.

गच्चीवरची_तुळस | २० एप्रिल, सकाळी ८.१०

रात्रीचं आधी सांगते. खोका हॉलमध्ये ठेवला असशील, तुझ्या पलंगाशेजारी आण. आठ आठवडे भावंडांच्या अंगावर झोपलेलं लेकरू आहे ते, एकटं पडलं की ओरडणारच. हात खाली सोडून ठेव, वास आला की झोपते. आई नसलेलं पिल्लू आहे म्हणून तुझा जुना वापरलेला सुती दुपट्टा आत घाल. आणि रडायची वाट बघू नको, तूच गजर लाव, सुरुवातीला साडेबारा आणि साडेतीन. दिवा मंद, बोलणं नाही, लाड नाही, ट्रे, शाब्बास, परत खोका. खेळायला लागलीस तर तिला रोज साडेतीनला पार्टी वाटेल. आठवड्याला वीस मिनिटं पुढे सरकवत जा.

एक मात्र, लोक सांगतील संध्याकाळनंतर पाणी बंद कर. नागपुरात एप्रिल-मे मध्ये हे अजिबात नाही. झोपायच्या तासभर आधीपर्यंत पाणी राहू दे, आणि रात्री उठवशील तेव्हा दोन घोट.

प्रयोगशाळेतला | २० एप्रिल, सकाळी १०.४५

फिनाईलबद्दल. फिनाईलने आपल्या नाकाचं समाधान होतं, तिच्या नाकाचं नाही. फरशीच्या सांध्यांत मुरलेला सूचा वास तसाच राहतो, त्यावर फक्त दुसरा उग्र वास चढतो. शिवाय पिल्लू फरशी चाटतं, मग पाय चाटतं, काळं फिनाईल तर पोटात जाणं वाईटच. अमोनियावाली क्लीनर पण नको, सूलाही अमोनियाचाच वास येतो, म्हणजे तुम्ही पाटी लावल्यासारखं झालं. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते त्या घाणीचे रेणूच तोडतं. ओतून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, लगेच पुसायचं नाही, आणि त्याच जागी आधी फिनाईल टाकलं असेल तर साध्या पाण्याने दोनदा धुवून मग. ते नसेल तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं, तात्पुरतं.

ब्लीच मात्र वेगळ्या कामासाठी. पार्व्हो म्हणजे पिल्लांची जीवघेणी उलटी-हगवण, तिचा विषाणू मातीत महिनोन्महिने, कधी वर्षभर टिकतो आणि चपलांना लागून घरी येतो. साध्या फिनाईलने तो मरत नाही, ब्लीचने मरतो, तीस भाग पाण्यात एक भाग. म्हणून डॉक्टर खाली सोडू नका म्हणतात. चपला दाराबाहेर काढा. आणि ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र नाही, विषारी वायू होतो, हे सासूबाईंना नक्की सांगा.

बेसारोडवाली | २ मे, संध्याकाळी ६.३०

प्रगती आहे! लसीचा दुसरा डोस पुढच्या आठवड्यात. दिवसातून चूक एखाद-दुसरी. पण एक कोडं आहे. रोज दुपारी चारच्या सुमारास हॉलमध्ये कूलरपाशी तळं असते, बशीएवढं. मी तिला ट्रेवर नेऊन आणते, ती करते, आणि तरी तासाभरात तिथे ओलं. तीन दिवस झाले. मुलगा म्हणतो आई तिला कूलरचा राग आहे. लघवीचा आजार असेल का?

प्रयोगशाळेतला | २ मे, संध्याकाळी ६.५०

पिवळं आहे का? वास कसला येतो?

बेसारोडवाली | २ मे, संध्याकाळी ७.०५

वाकून वास घेतला. खसाचा आहे.

अकोल्याचा_पोट्टा | २ मे, संध्याकाळी ७.०७

😂😂😂 कूलर मुतून राह्यला ताई!! त्याले घमेल्यात बसवा!

बेसारोडवाली | २ मे, संध्याकाळी ७.३०

पंपाची नळी सुटली होती. तीन दिवस त्या बिचारीला "पुन्हा केलंस" म्हणून डोळे वटारले आम्ही. हसा हसा.

धरमपेठी_काका | २ मे, रात्री ९.१५

हसलो. पण आजाराचा प्रश्न चांगला विचारलात. सारखी सारखी थोडी थोडी करत असेल, करताना कुंथत असेल, रक्ताचा रंग दिसला किंवा शिकलेलं पिल्लू अचानक विसरलं तर ट्रेनिंग बाजूला, डॉक्टर आधी. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहेच.

आणि ती नेमकं कधी करते याची नोंद ठेवता का? अंदाज नको, कागदावर. आपल्याला वाटतं दिवसभर करते, लिहिलं की दिसतं ठरलेल्या वेळा आहेत.

बेसारोडवाली | ११ मे, रात्री १०.२०

नोंदीबद्दल सांगायचं राहिलं. मी वही केली होती, ती दोन दिवसांत हरवली. मग सासूबाईंनी (त्या निवृत्त शिक्षिका, हजेरीपट भरण्यात आयुष्य गेलं) कुणाला न सांगता कालनिर्णयवर सुरू केलं. सू म्हणजे टिंब, शी म्हणजे गोल, घरात केली तर फुली. नवऱ्याने महिन्याच्या हिशोबाला टिंबं मोजून दूधवाल्याला सात लिटर जास्तीचे पैसे दिले आणि तो भला माणूस काही बोलला नाही. आता ते वळते करणं चालू आहे.

पण त्यातून एक सापडलं. उरलेल्या फुल्या सगळ्या दुपारी एक ते दीड आणि संध्याकाळी सातच्या आसपास. दुपारी ती जेवून झोपते आणि उठते तेव्हा आम्ही सगळे झोपलेलो असतो, म्हणजे तिची चूक नाहीच. आणि सातला मुलाचे मित्र येतात, बेल वाजते, ती शेपूट हलवत दारात जाते आणि तिथेच थोडीशी सांडते. हे कसं थांबवायचं? सासूबाईंचं मत "पोट्टे येणं बंद करा."

गच्चीवरची_तुळस | ११ मे, रात्री १०.४५

ते शिकण्यातलं नाही ग, आनंदाने होतं, तिला कळतही नाही झालेलं. रागावलीस तर वाढेल. मुलांना सांग, आल्यावर पाच मिनिटं तिच्याकडे बघायचंच नाही, वाकून डोक्यावरून हात फिरवायचा नाही, शांत झाली की खाली बसून बाजूने हात लाव. बेल वाजायच्या आधी ट्रेवर नेऊन आण. बहुतेकींचं वय वाढलं की आपोआप जातं.

वर्धारोड_मेट्रो | १२ मे, सकाळी ९.००

माझा वेगळा मुद्दा, धागा वाचून राहिलो म्हणून. लसी होईपर्यंत जमिनीवर नाही ठीक, पण घरात कोंडून पण नका ठेवू. साधारण चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघते-ऐकते त्याची भीती बसत नाही, नंतर जड जाते. रोज कडेवर घेऊन खाली चक्कर, लिफ्टचा आवाज, मेट्रो, कुकरची शिट्टी, दुपट्टा बांधलेल्या बाया, हेल्मेटवाले. आमचा कुत्रा लिफ्टला आजही घाबरतो, तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने जातो आणि अर्ध्या जिन्यात सोडून देतो.

बेसारोडवाली | २१ मे, दुपारी ३.००

सोसायटीचं सुरू झालं. कडेवर घेऊन लिफ्टमधून नेते तर एकांनी ग्रुपवर टाकलं की कुत्र्यांना लिफ्ट बंद करा, नाही तर महिन्याला वेगळे पैसे घ्या. तिचा अजून पाय पण लागला नाही लिफ्टला!

वर्धारोड_मेट्रो | २१ मे, दुपारी ३.४०

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्या छापून सचिवांना द्या. बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राणी ठेवायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसे लावता येत नाहीत. पण त्यातच लिहिलेलं आहे की आवारात घाण झाली तर मालकाने साफ करावी. तेवढं आपलं चोख ठेवायचं. मी पेपरचे तुकडे, पिशवी आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय निघतच नाही, आणि बाटली मुद्दाम हातात दिसेल अशी धरतो. निम्मी भांडणं त्या बाटलीनेच मिटली.

कोथरूडकर_बदलीवर | २१ मे, संध्याकाळी ५.१०

बाकी लस झाल्यावरसुद्धा दुपारी खाली नेऊ नका. हाताची मागची बाजू डांबरावर ठेवून बघा, पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर तिच्या पायांनाही भाजतं. मी इथे येऊन पहिल्यांदा मे काढतोय. २०२४ ला म्हणे इथल्या एका केंद्राने ५६ अंश दाखवलं होतं?

अकोल्याचा_पोट्टा | २१ मे, संध्याकाळी ५.३०

तो सेन्सर बिघडला होता भाऊ, नंतर सांगतलं त्यायनं. पन त्या दिवशी कोनाले खोटं वाटलं नाही, हे खरं 😄

बेसारोडवाली | ९ जून, सकाळी ८.२०

शेवटचा डोस झाला, रेबीजचाही. डॉक्टर म्हणाले आठवडाभर थांबून खाली सोडा. आता ट्रेवरून जमिनीवर कसं न्यायचं? कालनिर्णयवर बारा दिवस फुली नाही आणि मला हे बिघडवायची भीती वाटते.

धरमपेठी_काका | ९ जून, रात्री ८.३०

ट्रेमधली वापरलेली रेती दोन मुठी पिशवीत घेऊन जा, खाली कंपाउंडच्या कोपऱ्यात जिथे तुम्हाला हवी ती जागा असेल तिथे पसरा, आणि सकाळी उठल्याबरोबर थेट तिथे. चौथ्या मजल्यावरून कडेवरच न्या, चालवत नेलीत तर लिफ्टमध्येच होईल. जागेवर उभं राहायचं, फिरवायचं नाही. केलं की मग फिरवा. लगेच परत वर आणलंत तर तिला वाटेल केलं की फिरणं संपतं, मग ती धरून ठेवेल. ट्रे इतक्यात काढू नका.

बेसारोडवाली | १७ जून, रात्री ९.००

काका चार दिवस एकदम सुरळीत, सकाळी ५.३० आणि रात्री साडेनऊ, रेतीवर बरोब्बर. मी इतकी खूश झाले की तुमचं न ऐकता ट्रे काढला, गॅलरी धुतली, मोगऱ्याच्या कुंड्या परत मांडल्या. आणि काल रात्री पाऊस आला.

आज सकाळी खाली नेली तर छपराखाली उभी राहिली, एक पाय पाण्यात घातला, झटकला, माझ्याकडे असं बघितलं की मीच पाऊस पाडला आहे. छत्री उघडली तर छत्रीलाच घाबरली. दहा मिनिटं उभी, मग वर आणली, आणि ती सरळ गॅलरीत जाऊन जिथे ट्रे होता तिथे, आता तिथे मोगरा आहे, तिथे कुंडीला टेकून केली. सासूबाईंनी फुली मारली नाही, म्हणतात जागा तिचीच होती, कुंडी तुम्ही ठेवली.

तर मोगरा हलवला आणि ट्रे परत आणला, पण रेती सगळी बाहेर होती, ओली गच्च झाली. बेसा-मनीषनगर भागात कोणाकडे कोरडी रेती आहे का? अर्धं पोतं पुरे.

वर्धारोड_मेट्रो | १७ जून, रात्री ९.२५

आमच्या बाजूच्या प्लॉटवर काम चालू आहे, ताडपत्रीखाली आहे कोरडी, मालक ओळखीचे आहेत, विचारून ठेवतो. उद्या सातच्या आत या आणि पोतं तुमचं आणा. चाळणी पण.